गाडीचे पेट्रोल कुठे जात होते?



मागच्या लेखात दशलक्षणातल्या एकभुक्तीच्या स्वयंपाकाविषयी लिहिले होते. आजचा विषय स्वयंपाकघराबाहेरचा आहे, पण घरखर्चातलाच. आपल्यातल्या कितीतरी जणी आता स्वतः गाडी चालवतात. बस्तीत, मंडईत, दवाखान्यात, नातवंडांच्या शाळेत जातात. गाडी छोटी आणि फेऱ्याही छोट्याच. तरी महिन्याच्या शेवटी पेट्रोलचा आकडा पाहिला की प्रश्न पडतो, एवढे पेट्रोल गेले कुठे? मलाही तोच प्रश्न पडला होता. उत्तर शोधताना मी एक चूक केली, तीही आज सांगणार आहे. ती पेट्रोलपेक्षा महाग पडली.

आमची गाडी आठशे सीसीची, पेट्रोलची. ह्यांची नोकरी मिरजेच्या एमआयडीसीत होती, विश्रामबागहून रोज येऊन-जाऊन पंचवीस किलोमीटर. हे निवृत्त झाले आणि दोन वर्षांत अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय अजून पूर्ण सुधारलेले नाहीत. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यावे लागते. रिक्षात चढणे-उतरणे त्यांना अवघड, म्हणून वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी गाडी शिकले. मुलगा पुण्याहून म्हणायचा, "आई, विकून टाक ती गाडी, लागेल तेव्हा भाड्याची बोलव." पण दाराशी गाडी असणे म्हणजे काय, ते घरात आजारी माणूस असलेल्यांनाच कळते. मी ठाम राहिले, एका अटीवर. गाडीचा खर्च घरखर्चात बसला पाहिजे. व्याजावर चालणारे घर आहे आमचे.

मी बी.कॉम. आहे. नोकरी कधी केली नाही, पण चाळीस वर्षांत घराचा जमाखर्च एक दिवस चुकलेला नाही. गाडीच्या कप्प्यात ह्यांची एक छोटी वही सापडली. त्यांनी वर्षानुवर्षे पेट्रोल आणि किलोमीटर लिहून ठेवले होते. लिटरला सतरा-अठरा पडत असे. मी माझा हिशेब मांडला. दर वेळी पाचशेचे पेट्रोल टाकायचे, म्हणजे साधारण पावणेपाच लिटर. ह्यांच्या वहीप्रमाणे त्यात पंच्याऐंशी किलोमीटर व्हायला हवेत. होत होते पन्नास-बावन्न. म्हणजे दर पाचशेमागे जवळजवळ दोन लिटर पेट्रोलचा पत्ता नाही.

आता पुढचे लिहिताना हात थोडा अडखळतो.

शेजारच्या वहिनींचा मुलगा आयटीआय करून एका गॅरेजमध्ये कामाला आहे. हे आजारी पडले त्या रात्री ह्यांना उचलून गाडीत बसवणारा आणि दवाखान्यात नेणारा तोच. नंतर गाडी धुवायला, सर्व्हिसिंगला, पेट्रोल भरायला तोच न्यायचा. एक पैसा घेतला नाही कधी. किल्लीही त्याच्याकडेच असायची. हिशेब जमेना तेव्हा माझी नजर त्या किल्लीवर गेली. मी कुणाला बोलले नाही, ह्यांनाही नाही. पण मनात ठरवून टाकले. एका संध्याकाळी तो बेल वाजवून दारात उभा राहिला. तो काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "बरे झाले आलास. किल्ली दे बघू, आता गाडीचे सगळे मीच बघेन." त्याने खिशातून किल्ली काढून हातात दिली. "बरं काकू" म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो आमच्या फाटकाच्या आत आला नाही.

वैशाख गेला. किल्ली माझ्याकडे आणि पेट्रोल भरायला मी स्वतः, तरीही पाचशेला बावन्न किलोमीटरच. तेव्हाच मला कळायला हवे होते. पण मन असे असते की एक संशय खोटा ठरला की दुसरा शोधते. मग मी पंपावरच्या माणसाच्या मापाकडे डोळे लावून बसले.

ज्येष्ठात कोल्हापूरला भाचीचे लग्न होते. दोन दिवस जाणे-येणे झाले, वाटेत कुंभोज-बाहुबलीचे दर्शनही घेतले. निघताना टाकी फुल्ल केली, चारी चाकांत हवा भरून घेतली आणि किलोमीटरचा काटा शून्यावर आणला. परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल्ल केली. झाले होते २२१ किलोमीटर, पेट्रोल बसले ११.६ लिटर. भागाकार केला तर एकोणीस! तीच गाडी, तोच पंप आणि चालवणारी मीच. टाकीतून कुणी पेट्रोल काढत नव्हते, हे वहीतच लिहिलेले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी शांतपणे शोध घेतला. गॅरेजच्या मिस्त्रींना विचारले, सुनेने इंटरनेटवरचे वाचून दाखवले. जे कळले ते आपल्या भाषेत सांगते.

भाकरी करताना पहिल्या भाकरीला गॅस जास्त लागतो, कारण आधी तवा तापवावा लागतो. पुढच्या भाकऱ्या भराभर होतात. समजा, प्रत्येक भाकरीनंतर गॅस बंद करून तवा पूर्ण थंड होऊ दिला, तर? प्रत्येक भाकरी पहिलीच ठरेल. छोट्या फेऱ्यांत गाडीचे नेमके हेच होते. इंजिन थंड असते तेव्हा पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून यंत्रणा जास्त पेट्रोल सोडते. ऑइल घट्ट असते, त्यामुळे सगळे भाग जड चालतात. जळलेल्या पेट्रोलची बरीच उष्णता इंजिनाचे लोखंड, पाणी आणि ऑइल तापवण्यातच जाते. इंजिन पूर्ण तापायला काही किलोमीटर जावे लागतात. माझी बस्ती सव्वा किलोमीटरवर, मंडई दोनवर, फिजिओथेरपी अडीचवर. इंजिन तापेपर्यंत माझी फेरीच संपायची. घरी आले की ते थंड, दोन तासांनी पुन्हा पहिली भाकरी. थंड इंजिनाने वेगवेगळ्या केलेल्या अनेक छोट्या फेऱ्यांना, तेवढ्याच अंतराच्या एका सलग फेरीपेक्षा दुप्पट पेट्रोल लागू शकते, असे अमेरिकेचे ऊर्जा खातेही आपल्या नागरिकांना सांगते. ह्यांची रोजची फेरी सलग होती, म्हणून त्यांची वही अठरा सांगत होती.

मग मी काय काय बदलले, ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे फेऱ्या जोडल्या. फिजिओथेरपीचे तीन दिवस हेच माझे गाडीचे दिवस. सगळ्यात लांबचे काम आधी, म्हणजे इंजिन एकदा नीट तापते. मग येता येता मंडई, औषधे, बँक. मध्ये पाच-दहा मिनिटे थांबले तरी इंजिन गरमच राहते.

दुसरी, सकाळी बस्तीत चालत जाते. सव्वा किलोमीटरला मला वीस मिनिटे लागतात. आपले मुनिमहाराज आयुष्यभर पायी विहार करतात आणि आपण त्यांच्या दर्शनालाही गाडीतून उतरतो, हे मनाला टोचायचेच. पण खरे सांगते, पावसात आणि गुडघा दुखला की अजून गाडीच काढते.

तिसरी, थांबलेली गाडी चालू ठेवायची नाही. ह्यांना आत सोडून मी बाहेर एसी लावून वीस-वीस मिनिटे बसायची. छोटी गाडीसुद्धा नुसती उभी राहून तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल पिते, एसी लावला तर आणखी. त्या वेळात किलोमीटर होतात शून्य. आता इंजिन बंद करून आतल्या बाकावर बसून जप करते. सकाळी गाडी 'गरम करायला' पाच मिनिटे चालू ठेवायची सवयही सोडली. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांना त्याची गरज नाही. चालू करायची, अर्धा मिनिट थांबायचे आणि पहिले दोन किलोमीटर हळुवार चालवायची. चालताना ती उभी असतानापेक्षा लवकर तापते.

चौथी, चाकातली हवा. कमी हवेची चाके रस्त्याला जास्त घासतात आणि इंजिनाला ओढायला जास्त जोर लागतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या तक्त्यावर असते. चाके थंड असताना, म्हणजे घराजवळच्या पंपावर, पंधरा दिवसांतून एकदा तपासायची. डोळ्यांनी पाहून कळत नाही, हे माझ्यावरून सांगते.

पाचवी, माझा डावा पाय. तो सारखा क्लचवर टेकलेला असायचा. शिकताना भीतीपोटी लागलेली सवय. त्याने ताकद वाया जाते आणि क्लच झिजतो तो वेगळाच. शिवाय मी एकदम वेग घ्यायची आणि गतिरोधक आला की करकचून ब्रेक दाबायची. ब्रेक म्हणजे आधी जाळलेल्या पेट्रोलची धूळ करणे. पुढचा रस्ता बघून आधीच पाय काढला की गाडी आपोआप मंदावते.

सहावी, डिकी. तिच्यात काय होते? रद्दी, पितळेची दोन पातेली, पाण्याचे डबे आणि भावाच्या शेतातल्या तांदळाचे पोते. ह्यांची घडीची खुर्ची ठेवली, बाकी उतरवले.

सातवी गोष्ट बचतीची नाही, पण छोट्या फेऱ्यांच्या गाडीला आवश्यक. इंजिन पूर्ण तापलेच नाही तर आत ओलावा साठतो, ऑइल खराब होते आणि बॅटरीही पुरती भरत नाही. म्हणून किलोमीटर भरले नाहीत तरी वर्ष झाले की ऑइल बदलायचे. आणि पंधरा दिवसांतून एकदा सलग वीस-पंचवीस किलोमीटर जायचे. आम्ही संध्याकाळी ह्यांच्या बहिणीकडे जयसिंगपूरला जाऊन येतो. नणंदबाईही खूश आणि बॅटरीही.

आता हिशेबाची पद्धत. माझी मुळातली चूक इथेच होती. पाचशेचे टाकायचे आणि काटा बघून अंदाज करायचा, हा हिशेब नव्हे. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकलेले मीच विसरले होते. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा शेवटचा साठा, म्हणजे खप. साठा मोजता येत नसेल तर दोन्ही वेळी तो सारखाच असला पाहिजे. म्हणून टाकी फुल्ल करायची, पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद पडली की थांबायचे आणि किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी पुन्हा तसेच फुल्ल. मधल्या किलोमीटरला दुसऱ्या वेळी बसलेल्या लिटरने भागायचे. एका वेळच्या आकड्यावर जाऊ नका, तीन-चार वेळची सरासरी बघा.

माझे आकडे देते. आधी महिन्याला २०० किलोमीटर आणि १८.१ लिटर, म्हणजे लिटरला अकरा. आता महिन्याला १४० किलोमीटर आणि ९.७ लिटर, म्हणजे साडेचौदाच्या आत-बाहेर. वाचले ८.४ लिटर, साधारण पावणेनऊशे रुपये. आता हा फरक फोडून बघा. जुन्याच अकराच्या हिशेबाने १४० किलोमीटरला १२.७ लिटर लागले असते. म्हणजे ५.४ लिटर वाचले ते कमी फिरल्यामुळे, आणि ३ लिटर वाचले ते चांगले चालवल्यामुळे. मी आधी मायलेजच्याच मागे लागले होते. मोठी बचत न काढलेल्या फेरीत होती.

ह्यांचे अठरा मला शहरात मिळत नाहीत आणि मिळणारही नाहीत. छोट्या फेऱ्या त्या छोट्याच. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच भागातल्या उसाचे ते अपत्य, पण त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे जुन्या वहीतला आकडा गाठण्याचा अट्टहास करू नये. आपला आकडा आपल्याच मागच्या महिन्याशी ताडून बघावा.

हे सगळे चालू असताना शास्त्रस्वाध्यायात अनर्थदंडव्रत आले. श्रावकाच्या गुणव्रतांपैकी एक. प्रयोजन नसताना होणारी हिंसा टाळायची, हा त्याचा अर्थ. त्याच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या येते. विनाकारण माती उकरणे, पाणी सांडणे, आग पेटवणे, झाडे तोडणे, आणि विनाकारण फिरणे व फिरवणे. गाडीचे इंजिन म्हणजे तरी काय? मिनिटाला शेकडो वेळा पेटणारी आगच. एक लिटर पेट्रोल जळले की सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अग्निकाय आणि वायुकाय जीवांचा विचार करणाऱ्या घरात उभ्या गाडीचे इंजिन वीस मिनिटे चालू ठेवणे बसत नाही. ह्यांना फिजिओथेरपीला नेणे हे प्रयोजन आहे. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी पुन्हा गाडी काढणे हे नाही. संसारी माणसाला गाडी सोडता येत नसेल, पण निष्कारण जाळलेला थेंब सोडता येतो.

त्या दिवशी मला आपण फार व्रती झालो असे वाटले. मग पुढची ओळ आली. त्याच पाच प्रकारांत अपध्यान आहे, दुसऱ्याचे वाईट चिंतणे. मी ताईंच्या शेजारी बसले होते. मान वर करवली नाही. पेट्रोलचे थेंब मोजणाऱ्या मी एका पोराला मनातल्या मनात चोर ठरवून दोन महिने तसेच ठेवले होते. तीन महिने झाले तरी त्याला काही बोलले नव्हते.

हिशेबात एक खाते असते, उचंत खाते. ताळेबंद जुळला नाही, फरक कुठून आला ते कळत नसेल, तर ती रक्कम तात्पुरती उचंत खात्यात टाकायची आणि शोध घ्यायचा. कारण कळल्याशिवाय ती कुणाच्याही नावावर टाकायची नाही. आमचे सर हे फळ्यावर ठोकून सांगायचे. मी दोन लिटरचा फरक त्या पोराच्या नावावर टाकून मोकळी झाले होते.

अनंत चतुर्दशी झाली, क्षमावणी आली. त्या दिवशी आपण सगळ्या जणी मोबाइलवर उत्तम क्षमेचे चित्र पाठवतो. मीही दीडशे जणांना पाठवले, त्यात त्यालाही. त्याने हात जोडल्याची खूण पाठवली. ते समाजाचे नाहीत, त्याला वाटले असेल काकूंचा सण आहे. मला कळत होते की ही क्षमा नव्हे. जिची क्षमा मागायची ती गोष्ट न सांगता मागितलेली क्षमा कसली?

संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा त्यांच्या घरी गेले. वहिनी आत होत्या, त्यांच्यासमोर बोलायला जीभ रेटेना. त्याला बाहेर ओट्यावर बोलावले आणि सांगितले, "मी तुझ्याकडून किल्ली घेतली, कारण मला वाटले तू पेट्रोल काढतोस. ते खोटे होते. चूक माझ्या हिशेबात होती. मला माफ कर."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला कळलं होतं काकू. तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे बघितलं नव्हतं."

आणि मग म्हणाला, "मागच्या डाव्या चाकाला बारीक पंक्चर होतं. हळूहळू हवा जात होती. तेच सांगायला आलो होतो त्या दिवशी. काढलंत का ते?"

मी काढले नव्हते. त्याच चाकाची हवा दर पंधरा दिवसांनी का कमी भरते, याचे मला नवल वाटायचे आणि मी भरून पुढे जायची. दारात त्याला एक वाक्य बोलू दिले असते, तर ते त्याच दिवशी कळले असते.

दुसऱ्या दिवशी पंक्चर काढून घेतले. लहानसा खिळा होता. मी किल्ली घेऊन पुन्हा गेले, त्याच्यापुढे धरली. "राहू दे काकू, लागली की मागेन," म्हणाला. आवाजात राग नव्हता. पण अजून त्याने मागितलेली नाही. किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर आहे. दिवाळीपूर्वी गाडी सर्व्हिसिंगला न्यायची आहे, तेव्हा मीच त्याला विचारणार आहे, नेशील का म्हणून. त्याने नाही म्हटले तर तेही मला ऐकून घ्यायचे आहे.

मैत्रिणींनो, यातले जे उपयोगी वाटेल ते करून बघा. गाडीत एक वही ठेवा, टाकी फुल्ल ते फुल्ल मोजा, चाकांची हवा बघा, फेऱ्या जोडा. आणि घरातला कुठलाही हिशेब जुळेना झाला, पेट्रोलचा असो, दुधाचा असो की कामवालीच्या सुट्ट्यांचा, तर आधी तो उचंत खात्यात टाका.

जय जिनेंद्र.